वेगाची मर्यादा वाढवावी काय?

राजमार्गावर मोटारी किती वेगानें धांवाव्या हा प्रश्न वरवर पाहणारास सरकारचा, इंजिनियरांचा व पोलिसांचा वाटतो. त्यांत पाळकांनीं व मंडळ्यांनीं लक्ष घालण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. परंतु ज्या प्रश्नाचें एक उत्तर दिल्यानें एकाचीं कांहीं मिनिटें वांचतात आणि दुसरें उत्तर दिल्यानें दुसऱ्याचा जीव वांचतो, तो प्रश्न नुसत्या हिशेबाचा राहत नाहीं. तो शेजारधर्माचा होतो. शेजारी कोण, हें आपल्या प्रभूनें एका वाटेवरचाच दाखला देऊन शिकविलें आहे. त्याच्या शिष्यांस वाटेवरच्या मनुष्याविषयीं उदासीन राहतां येत नाहीं. म्हणून या आठवड्यांत ह्या विषयाचा थोडा शांतपणें विचार करावा असें आम्ही योजिलें आहे.

प्रथम प्रश्नाची हकीकत सांगतों. आपल्या देशांत वाहनांच्या वेगाची कमाल मर्यादा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमान्वयें ठरते. ६ एप्रिल २०१८ रोजीं केंद्र सरकारनें एक अधिसूचना काढून ही मर्यादा वाढविली. प्रवासी मोटारींस द्रुतगति मार्गावर ताशी १२० किलोमीटर, मध्यें दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर साध्या रस्त्यांवर ७०. तसेंच मालट्रकांस अनुक्रमें ८०, ८० व ६०, असे ते आंकडे होते. रस्ते सुधारले आहेत आणि गाड्यांचीं यंत्रेंहि सुधारलीं आहेत, हें त्यामागील कारण. पुढें २०२१ सालीं मद्रास हायकोर्टापुढें अपघातांत सापडून शेंकडा नव्वद पंगु झालेल्या एका दंतवैद्याच्या नुकसानभरपाईचा दावा आला. कोर्टानें भरपाई दीड कोटि रुपयांपर्यंत वाढविली; आणि तेवढ्यावर न थांबतां, वेग वाढविणारी ती अधिसूचनाच रद्द ठरविली व मर्यादा कमी करण्यास सरकारास सांगितलें. त्याच वर्षीं केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनीं, द्रुतगति मार्गावर ताशी १४० पर्यंत वेगास मोकळीक असावी, असें आपलें मत जाहीरपणें सांगितलें. म्हणजे एकाच देशांत, एकाच वर्षीं, दोन थोर अधिकारपदांवरून दोन उलट मतें निघालीं. असें असतां सामान्य मनुष्यानेंहि आपल्या बुद्धीनें विचार केला, तर त्यांत कांहीं आगाऊपणा नाहीं.

आतां हा प्रश्न आमच्या भागांत आणून पाहूं. पूर्वी ज्यास चांदा जिल्हा म्हणत, त्याचे १९८२ सालीं दोन भाग होऊन चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले. पश्चिमेस वरोरा, भद्रावती, घुग्गुस, राजुरा या बाजूस कोळशाच्या खाणी. मध्यें मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी हा धानाचा मुलूख. आणि पूर्वेस व दक्षिणेस धानोऱ्यापासून आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, सिरोंचापर्यंत दाट अरण्य. ह्या सर्वांतून आज राष्ट्रीय महामार्ग जातात. चंद्रपुराहून मूल, सावली, गडचिरोली व धानोरा यांवरून छत्तीसगडाकडे जाणारा एक. आणि साकोलीहून वडसा, आरमोरी, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली यांवरून सिरोंच्याकडे उतरणारा दुसरा. सुरजागडच्या डोंगरांतील लोखंडाचें काम २०२१ पासून वाढल्यावर दक्षिणेकडील रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रीघ लागली, आणि कांठच्या गांवांनीं तिच्याविरुद्ध वेळोवेळीं गाऱ्हाणीं मांडलीं. समृद्धि महामार्ग पुढें भंडारा ते गडचिरोली व नागपूर ते चंद्रपूर असा वाढविण्याची सरकारची योजनाहि आहे. तेव्हां वेगाचा प्रश्न दूर मुंबईचा राहिला नसून आमच्या देवळाच्या फाटकापाशीं आला आहे.

वेग वाढवावा म्हणणारांचा पक्ष हलका समजूं नये. ते म्हणतात कीं, वेळ हेंहि देवाचें दान आहे. तो रस्त्यावर वायां घालवावा हें शहाणपण नव्हे. मागासलेल्या जिल्ह्यांस व्यापार व उद्योग पाहिजे असेल तर माल लवकर पोंचला पाहिजे. आजारी मनुष्य इस्पितळांत लवकर गेला पाहिजे. शिवाय, जी मर्यादा कोणीच पाळीत नाहीं ती ठेवल्यानें कायद्याचाच अवमान होतो व पोलिसांस दंडाच्या निमित्तानें हात ओले करण्यास वाव मिळतो. ह्या बोलण्यांत पुष्कळ तथ्य आहे. इंग्लंडांत १८६५ च्या कायद्यानें यंत्राच्या गाड्यांस गांवांत ताशी दोन मैल व बाहेर चार मैल एवढीच मुभा होती आणि पुढें एक माणूस लाल निशाण घेऊन चाले. १८९६ सालीं तो निर्बंध उठविला गेला, आणि तें योग्यच झालें. तेव्हां मर्यादा जितकी कमी तितकी ती धार्मिक, असें आम्हीहि म्हणत नाहीं.

मग मर्यादा कशासाठीं असते? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत इस्राएलास एक साधी आज्ञा दिलेली आहे, कीं नवें घर बांधशील तेव्हां धाब्यास कठडा कर, म्हणजे कोणी पडून मेल्याचा दोष तुझ्या घरास लागणार नाहीं. हें लक्षांत घ्या. घर ज्याचें त्याचें, धाबें ज्याचें त्याचें, पैसाहि ज्याचा त्याचा. तरीहि देव म्हणतो कीं तुझ्या धाब्यावर येणाऱ्याच्या प्राणाचा हिशेब तुझ्याकडे आहे. कठड्यामुळें घरधन्याची हवा कांहीं बंद होत नाहीं. फक्त दुसऱ्याचा पाय घसरण्याची जागा बंद होते. वेगाची मर्यादा हा रस्त्याचा कठडा होय. तो किती उंच असावा याविषयीं वाद होऊं शकेल, पण तो आपल्या स्वातंत्र्यावर घाला आहे ही तक्रार ख्रिस्ती मनुष्याच्या तोंडीं शोभत नाहीं.

येथें जुन्या व नव्या प्रवासांतील एक भेद ध्यानांत आणण्यासारखा आहे. नागपुरास १८४५ सालीं येऊन शाळा व मंडळी स्थापणारे, आणि गोंड लोकांच्या भाषांचा व चालीरीतींचा अभ्यास करणारे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे ४ सप्टेंबर १८६३ रोजीं रात्रीं घोड्यावरून टाकळघाटाजवळील पाणी ओलांडतांना बुडून वारले. त्या काळीं वाट भयंकर होती; पण जो वाटेस लागे तोच आपला जीव पणास लावी. घोडा बुजला तर स्वार पडे. नाव उलटली तर उतारू बुडे. आज तसें राहिलें नाहीं. मोटारींत बसणारा लोखंडाच्या पेटींत, पट्टा बांधून, हवेची पिशवी पुढें ठेवून बसतो, आणि त्याच्या घाईचें मोल बहुधा पायीं चालणारा, सायकलवाला, दुचाकीवाला किंवा बैलगाडीवाला भरतो. लाभ एकाचा व धोका दुसऱ्याचा अशी जेथें वांटणी होते, तेथें धोका किती असावा हें लाभ घेणारानेंच ठरवूं नये, हें न्यायाचें पहिलें कलम आहे. वेगाच्या प्रश्नाचें सर्व मर्म आमच्या मतें ह्या एका गोष्टींत आहे.

धोका किती, हेंहि हिशेबानें पाहूं. मनुष्य अडथळा पाहतो आणि त्याचा पाय ब्रेकवर पडतो, ह्यांत निदान एक सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर व चांगल्या टायरांची मोटार धरली, तर ताशी ६० च्या वेगांत ती सुमारें ३७ मीटरांत थांबते, ८० च्या वेगांत ५७ मीटरांत, आणि १०० च्या वेगांत ८३ मीटरांत. आतां असें समजा कीं वळणापलीकडे ५८ मीटरांवर एक मूल रस्त्यांत आलें. ८० नें येणारी मोटार त्याच्या पुढ्यांत येऊन थांबेल. मूल भिईल, चालक घाबरेल, आणि दोघेहि घरीं जातील. १०० नें येणारी मोटार त्याच जागीं अजून ताशी पासष्टाहून अधिक वेगांत असेल. वेगाचा फरक पावपट, पण परिणामाचा फरक जीवन व मरण इतका! पाऊस असेल, टायर गुळगुळीत असेल किंवा गाडींत माल भरलेला असेल, तर हीं अंतरें आणखी वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलें आहे कीं सरासरी वेग शेंकडा एक वाढला तर प्राणघातक अपघातांचा संभव शेंकडा सुमारें चार वाढतो. सरकारच्याच अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत १,६८,४९१ माणसें रस्त्यावर मेलीं, म्हणजे दर दिवशीं सुमारें ४६२. आणि त्यांपैकीं शेंकडा सत्तराहून अधिक मृत्यु अतिवेगाच्या सदरांत नोंदलेले आहेत. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशाच्या एकंदर रस्त्यांत शेंकडा दोनच्या आसपास. पण त्यांवरील मृत्यु शेंकडा छत्तीस.

उलट पक्षीं लाभ किती? चंद्रपूर ते गडचिरोली हें अंतर सुमारें ८० किलोमीटर. सारी वाट ताशी ८० नें कापली तर एक तास लागेल, १०० नें कापली तर ४८ मिनिटें. मूल व सावली हीं गांवें, बाजार, वळणें व वैनगंगेचा पूल हीं मध्यें आहेत, तेव्हां बारा मिनिटांचा हा लाभ कागदावरचाच. प्रत्यक्षांत पांच-सहा मिनिटें हातीं लागलीं तरी पुष्कळ. तेवढीं मिनिटें घरून लवकर निघून मिळत नाहींत काय? आमच्या लोकांत म्हण आहे कीं अति घाई संकटांत नेई. पण ती अर्धीच खरी आहे. पुष्कळ वेळां एकाची घाई दुसऱ्याला संकटांत नेते.

शिवाय, आमच्या रस्त्यावर कोण कोण असतें, हें नकाशा काढणारांस ठाऊक नसतें. उन्हाळ्याच्या आरंभीं पहांटेच्या अंधारांत बाया व मुलें टोपल्या घेऊन मोहफुलें वेंचण्यास निघतात. पुढें तेंदूपानांच्या दिवसांत पुडके डोक्यावर घेऊन फडीकडे जातात. पावसाळ्यांत गुरें रात्रीं डांबरावर येऊन बसतात, कारण तेवढीच जागा कोरडी असते. सुगींत बैलगाड्या व ट्रॅक्टर धान घेऊन बिनदिव्याचे निघतात. आठवडी बाजारच्या दिवशीं अर्धा रस्ता माणसांनीं भरतो. शाळेचीं मुलें सायकलींवरून याच रस्त्यानें जातात, कारण त्यांस दुसरा रस्ता नाहीं. आणि आमच्या मंडळींतलीं माणसें सायंकाळची प्रार्थना आटोपून कंदील किंवा विजेरी घेऊन याच कडेनें एका टोल्याहून दुसऱ्या टोल्यास परततात. ज्यास आपण महामार्ग म्हणतों, तो ह्या लोकांचें अंगण, पांदण व चावडी आहे. तो त्यांच्या वापरांत आधीं होता. मोटारी मागाहून आल्या.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत मारक्या बैलाविषयीं नियम आहे. बैलानें अकस्मात् कोणास हुंदाडून मारिलें तर धनी निर्दोष. परंतु बैल मारका आहे हें पूर्वीपासून ठाऊक असून व धन्यास तशी ताकीद मिळूनहि त्यानें त्यास बांधून ठेविलें नाहीं, तर दोष धन्याचा. शंभर वर्षांपूर्वी मोटार नवीन होती, तेव्हां कोणी म्हणूं शकला असता कीं आम्हांस काय ठाऊक! आज कोणास तसें म्हणतां येत नाहीं. वेग काय करितो हें आम्हांस ठाऊक आहे, आंकड्यांसह ठाऊक आहे, आणि दर वर्षीं पुन्हां सांगितलें जातें. जाणून बुजून दावें सैल करणारा मनुष्य 'अपघात झाला' असें म्हणून सुटूं शकत नाहीं. अपघात हा शब्दच आपण फार सवंगपणें वापरतों, असें आम्हांस वाटतें.

आतां दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आजाऱ्याचा. भामरागडाकडील अडलेली बाळंतीण किंवा साप चावलेला मुलगा यांच्यासाठीं वेग नको काय? अवश्य हवा. पण त्यांचा वेळ कोठें जातो हें नीट पाहा. आडरानांतून खाटेवर घालून माणसांच्या खांद्यावरून सडकेपर्यंत येण्यांत, पर्लकोटा नदीस पूर येऊन वाट बंद पडण्यांत, गाडीची वाट पाहण्यांत, आणि जवळच्या दवाखान्यांत डॉक्टर नसल्यामुळें पुढल्या दवाखान्यास जाण्यांत त्यांचे तासांमागून तास जातात. ही उणीव पूल, रस्ता, रुग्णवाहिका व डॉक्टर यांनीं भरून येईल. सर्व मोटारींस ८० च्या ऐवजीं १०० नें जाऊं दिल्यानें ती भरून येणार नाहीं. रुग्णवाहिका येतांच इतरांनीं बाजूस होऊन तिला वाट द्यावी, एवढ्यानें तिला हवा तो वेग मिळतो. गरिबाच्या आजारपणाचें नांव पुढें करून श्रीमंताच्या घाईस परवाना मिळवूं नये.

दुसरा आक्षेप असा कीं सर्व रस्ते सारखे नाहींत. हें आम्हांस मान्य आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानें उघडत जाऊन जून २०२५ मध्यें पुरा झाला. त्यावर पायीं माणूस, गुरें, बैलगाडी यांस वाट नाहीं, मध्यें चौक नाहीं. अशा रस्त्यावर मोठी मर्यादा असली तर तींत आम्हांस अन्याय दिसत नाहीं. कारण तेथें धोका पत्करणारा बहुतेक तोच आहे जो लाभ घेतो. तथापि तेथेंहि बसमधले उतारू दुसऱ्याच्या हातीं जीव देऊन बसलेले असतात. १ जुलै २०२३ च्या पहांटे सिंदखेडराजाजवळ नागपुराहून पुण्यास जाणारी बस उलटून पेटली आणि २५ माणसें जळून मेलीं. त्याचें कारण वेगच होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण रस्ता कितीहि सरळ झाला तरी मनुष्याची झोंप, थकवा व चूक त्यावरून नाहींशी होत नाहीं, एवढें तरी त्यांतून शिकावें. स्वीडनच्या पार्लमेंटानें १९९७ सालीं जें धोरण मान्य केलें त्याचें मूळ हेंच आहे: मनुष्य चुकणारच, तेव्हां चुकीची शिक्षा मरण होऊं नये असा रस्ता व असा वेग ठेवावा. पतित मानवस्वभावाविषयीं शास्त्र जें शिकवितें, तें त्या राष्ट्रानें रस्त्याच्या नियमांत आणिलें, असेंच आम्ही म्हणूं.

अरण्यांतील मुक्या प्राण्यांचाहि येथें वांटा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्यें चंद्रपुराजवळ जुनोन्याच्या जंगलांत वाघिणीचे तीन बछडे आगगाडीखालीं सांपडून मेले. नागपुराच्या उत्तरेस पेंचच्या अरण्यांतून जाणारा महामार्ग रुंद करितांना प्राण्यांसाठीं खालून वाटा ठेविल्या. त्यांपैकीं सर्वांत मोठ्या सुमारें ७५० मीटर लांबीच्या आहेत, आणि वाघ त्यांचा उपयोग करितात असें छायाचित्रांवरून दिसून आलें आहे. देवाच्या सृष्टीची ही काळजी आम्हांस मनापासून आवडते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जें सरकार वाघासाठीं वाट करूं शकतें, तें मोहफुलें वेंचणाऱ्या माडिया बाईसाठीं पायवाट, बाजारच्या गांवापाशीं गतिरोधक व शाळेपुढें कमी वेगाची पाटी करूं शकेल. आणि तें करण्यास नवा कायदा नको; ११२ व्या कलमानेंच राज्य सरकारास, लोकांच्या सुरक्षिततेसाठीं किंवा रस्त्याचें व पुलाचें स्वरूप पाहून, एखाद्या ठिकाणीं मर्यादा कमी करण्याचा अधिकार दिलेला आहे. ग्रामसभेनें ठराव करून असा अर्ज करावा, आणि आमच्या मंडळ्यांतील लिहितां-वाचतां येणाऱ्या बंधुभगिनींनीं त्या कामीं पुढें व्हावें.

तेव्हां आमचें उत्तर असें आहे. ज्या रस्त्यावर चालणारा व धांवणारा वेगळे केले आहेत, तेथें मर्यादेचा विचार तज्ज्ञांनीं करावा. पण गांवांतून व रानांतून जाणाऱ्या आमच्या दुपदरी रस्त्यांवर ती वाढवूं नये. उलट वस्तीपाशीं ती कमी करावी, आणि जी ठरेल ती ट्रकमालकापासून साहेबापर्यंत सर्वांस सारखी लागू करावी. पाळली न जाणारी मर्यादा वाईट खरी. परंतु त्यावर उपाय ती पाळावयास लावणें हा आहे. चोऱ्या होतात म्हणून चोरीची आज्ञा कोणी दहांतून वगळीत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट आमच्या स्वतःच्या घरची. आमच्या मंडळ्यांतील तरुणांजवळहि आतां दुचाक्या आल्या आहेत. कोणी ट्रक चालवितात, कोणी काळीपिवळी. येहूचा रथ दूर असतांच पहारेकऱ्यानें त्याच्या हांकण्याच्या रीतीवरून त्यास ओळखिलें, अशी राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत कथा आहे. आमच्या तरुणांसहि लोक त्यांच्या हांकण्यावरून ओळखतील. पोलीस उभा असतां हळू व नसतां जोरानें, ही चाकरांची रीत झाली. पौलानें रोमकरांस सांगितलें तें सद्सद्विवेकासाठीं आज्ञा पाळण्याचें. वडिलांनीं आपल्या मुलास दुचाकी देतांना शिरस्त्राणहि द्यावें आणि परवान्याचें वय होईपर्यंत किल्ली आपल्याजवळ ठेवावी. उपासनेस उशीर झाला तर शेवटच्या बांकावर बसावें, पण देवाच्या घरीं येतांना देवाच्या लेकरांस धोक्यांत घालूं नये. रात्रीं चालणारांनीं पांढरें वस्त्र पांघरावें व बैलगाडीस मागें चकाकणारी पट्टी लावावी. आणि रस्त्यावर कोणी पडलेला दिसला तर थांबावें. २०१९ सालीं कायद्यांत झालेल्या सुधारणेनें अशा मदत करणारास चौकशीच्या जाचापासून संरक्षण दिलें आहे, म्हणून भीतीची सबब आतां उरली नाहीं. यरीहोच्या वाटेवर याजक व लेवी हे दोघेहि त्या घायाळाजवळून निघून गेले. त्यांस पुढें कोणतें काम होतें हें प्रभूनें सांगितलें नाहीं. तें कदाचित् चांगलेंहि असेल. शोमरोन्यासहि पुढें जावयाचें होतें, पण तो थांबला. आणि आपल्या जनावरावर त्या जखमी मनुष्यास बसविल्यावर तो त्या घायाळास सोसवेल इतक्याच चालीनें चालला असेल. दुर्बळास सोसवेल ती चाल, हीच प्रीतीची वेगमर्यादा होय. देव आमच्या सर्व वाटसरूंस सुखरूप घरीं पोंचवो.